सा लावा, पण दार लावून

दादर पश्चिमेच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे एक गृहस्थ बँकेतून निवृत्त झाले आणि महिन्याभरात त्यांनी गाणं शिकायला घेतलं. निवृत्तीनंतर मराठी माणूस एक तर गावच्या जमिनीचा जुना दावा काढतो, नाही तर गळा काढतो. दाव्यात दोनच पक्ष असतात. गळ्यात अख्खी इमारत पक्षकार होते.

तयारी चोख होती. पेटी आली, मोबाइलमध्ये तानपुरा आला, बसायला घोंगडी आली, खादीचे झब्बे आले. वहीच्या पहिल्या पानावर श्री काढून खाली ‘संगीत साधना’ असं लिहिलं गेलं आणि त्याखाली लाल शाईच्या दोन रेघा पडल्या. घसा बसू नये म्हणून ज्येष्ठमध, कंकोळ आणि खडीसाखर यांच्या बरण्या ओळीने मांडल्या गेल्या. आता घसा बसायला फक्त गाणंच सुरू व्हायचं राहिलं होतं. ते एका सोमवारी पहाटे साडेचारला सुरू झालं.

मंद्र सप्तकातला सा लांब श्वासावर धरून ठेवायचा, याला खर्जाचा रियाज म्हणतात. भले भले गवई जन्मभर तो करत आले. नवशिक्याने खर्ज लावायला घेतला की त्याच्या गळ्यातून काहीतरी निघतं, पण तो सा असतो असं म्हणवत नाही. सात वाजता शेजारच्या काकू दारात उभ्या.

“बरं वाटत नाहीये का हो तुम्हाला?”

“छे! खर्ज लावत होतो.”

“अगंबाई. आमचे हे केव्हापासून डॉक्टरांचा नंबर शोधतायत.”

आठवड्याच्या शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी कागद घेऊन वर आले. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यानुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. पहाटे साडेचार हा साधकांच्या लेखी ब्राह्ममुहूर्त असेल, सरकारच्या लेखी ती रात्रच. कोणीतरी मोबाइलवर डेसिबल मोजायचं अॅप उतरवून घेतलं. खर्ज मोजला, मग वादाच्या भरात तळमजल्यावरच्या कुकरची शिट्टी मोजली, मग सेक्रेटरींचा स्वतःचा आवाज मोजला. तो सगळ्यांत वरचा निघाल्यामुळे विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. तडजोड म्हणून रियाज सकाळी आठला आला आणि खिडक्या बंद ठेवण्याचं ठरलं. मे महिना होता. कलेसाठी घाम गाळावा लागतो म्हणतात, तो गृहस्थांनी पहिल्याच दिवशी झब्बाभर गाळला.

ही इमारत संगीताची वैरीण होती असं मात्र कोणी समजू नये. तिच्या जिन्यात रियाजाच्या जेवढ्या आख्यायिका सांगितल्या जातात तेवढ्या एखाद्या संगीत महाविद्यालयातही सांगत नसतील. झाकीर हुसेन लहान असताना माहीमच्या घरी वडील अल्लारखाँ त्यांना पहाटे तीनला उठवून सहापर्यंत तालाचं शिक्षण देत. त्यानंतर मुलगा शाळेला जाई. ही हकीकत झाकीरभाईंनीच मुलाखतींतून सांगितली होती आणि ती ऐकताना सेक्रेटरींचे डोळे दर वेळी पाणावतात. पहाटे तीन! काय ती निष्ठा! त्यांचा वरचा मजला साडेचारला उठतो, तेव्हा मात्र पाणावत काहीच नाही. खरं तर त्या बापलेकांच्या पहाटेत पुष्कळसे बोल तोंडाने, हलक्या आवाजात चालत, त्यामुळे माहीमच्या शेजाऱ्यांचं फारसं बिघडलं नसावं. पण एकूणच, थोर कलावंतांच्या चरित्रांत गुरू असतो, आई असते, हलाखी असते. भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडाला कोणी अर्धं पानही देत नाही. त्यांनीही वर्षानुवर्षं तेच पलटे ऐकलेले असतात आणि त्यांना बिदागी मिळालेली नसते.

दुसरी लाडकी कथा मोगूबाई कुर्डीकरांची. लेकीला, म्हणजे किशोरी आमोणकरांना, शिकवताना मोगूबाई स्थायी-अंतरा दोनदा गाऊन दाखवत. तिसऱ्यांदा नाही. त्या दोनदांत बंदिशीची प्रत्येक कड टिपायची. किशोरीताईंनीच सांगितलेली ही गोष्ट आजकाल पालकसभांतही निघते. गृहस्थांच्या गाण्याच्या बाईंनी ती वर्गात सांगितली तेव्हा सगळे शिष्य भारावून गेले आणि मग म्हणाले, “बाई, आजचं जरा रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकाल का?” बाईंनी टाकलं. ते वर्षभर ग्रुपवर पडून आहे. दोन निळ्या टिका उमटल्या की शिक्षण पूर्ण झालं असं समजायची नवी पद्धत आहे.

केसरबाई केरकरांचा विषय निघाला की आवाज आणखी खाली जातो. १९२१ पासून त्या अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकल्या, आणि खाँसाहेब १९४६ साली मुंबईत वारले तोवर ते नातं टिकलं. म्हणजे पंचवीस वर्षं शिकणं. शिकायला लागल्या तेव्हाही त्या काही नवख्या नव्हत्या. मैफली करत होत्या. मैफली करणारी बाई पुन्हा पाया घालायला बसते, हे ऐकून दादरच्या गृहस्थांना जरा अस्वस्थ वाटलं. त्यांना तिसऱ्या महिन्यात एखादा अभंग तरी यायला हवा होता, पुढे गणपती येत होते आणि इमारतीच्या कार्यक्रमात नाव दिलेलं होतं. केसरबाईंची भैरवी १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात पाठवली, आणि ती दोन्ही यानं आता आंतरतारकीय अवकाशातून चालली आहेत. मुंबईच्या ज्या एकाच गायिकेबद्दल कुठल्याही सोसायटीकडे तक्रार जाऊ शकत नाही ती हीच.

रियाजाच्या कथांनी माणूस भारावतो खरा, पण भारावल्यावर पुढचं पाऊल म्हणून रियाज करावा लागेल अशी भीती उभी राहते. त्यावर मराठी घरांत एक जुना उतारा आहे: “देवाची देणगी असावी लागते हो!” हे म्हटलं की कलावंताचा गौरव होतो आणि आपली सुटका होते. एकाच वाक्यात दोन्ही कामं उरकणारी अशी सोय दुसरी नाही.

या उताऱ्याला नेहमीचा साक्षीदार म्हणजे कुमार गंधर्व. शिवपुत्र कोमकली नावाचं हे पोर ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांचं गाणं जसंच्या तसं गाऊन दाखवी. लोक तोंडात बोट घालत. देणगी म्हणजे यापेक्षा वेगळं काय असतं? इथपर्यंत कथा सगळ्यांना पाठ असते. पुढचा भाग गिरगावात घडतो आणि तो सांगायच्या वेळी नेमका चहा येतो. हा मुलगा १९३०च्या दशकात, बारा वर्षांच्या आसपास, प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्या ऑपेरा हाऊसजवळच्या संगीत विद्यालयात दाखल झाला. देवधरांनी १९२५ साली काढलेली ही शाळा. जो मुलगा सभागृहं डोलवत होता त्याला तिथे शिकायला बसवलं गेलं, आणि हे शिकणं पुढे दहाएक वर्षं चाललं. हुबेहूब येत होतं ते बाजूला ठेवून, का येतं आणि दुसरं काय येऊ शकतं, याचा हा अभ्यास होता. पुढे क्षयाने गाणं बंद पाडलं, माळव्यात देवासला अंथरुणावर वर्षं गेली, आणि १९५०च्या दशकात ते पुन्हा गायले तेव्हा एका फुप्फुसाच्या हिशेबाने श्वास बसवावा लागला. देणगीवाल्यांना हा मजकूर अडचणीचा वाटतो. ते म्हणतात, “तेही बरोबरच, पण मुळात होतं ना!” आणि चहा संपवतात.

आता मुळात असणं शोधायला परीक्षाही आहेत. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ साली ते मुंबईत आलं, आणि त्यांच्या पश्चात शिष्यांनी मंडळ स्थापून परीक्षांची शिडी उभी केली: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. यातल्या बऱ्याच परीक्षांना प्रथम आणि पूर्ण असे दोन मुक्काम. गुरूच्या घरी पाणी भरण्यापेक्षा ही पद्धत सरळ. तिच्यात सरकारने आणखी एक गोडी घातली. शास्त्रीय कला शिकल्याबद्दल, चित्रकलेची ग्रेड परीक्षा दिल्याबद्दल दहावीला वाढीव गुण मिळतात. तेव्हापासून दादरच्या वर्गांत ‘साधना’ हा शब्द इयत्ता नववीत शिगेला पोचतो आणि दहावीचा निकाल लागला की त्या शब्दाची तब्येत ढासळते.

“सोडलंत का गाणं मुलीचं?”

“सोडलं नाही हो, थांबवलंय. गुण मिळाले ना.”

दादरच्या गृहस्थांना गुणांची हाव नव्हती. त्यांना हिशेब हवा होता. कोणाच्या तरी भाषणात त्यांनी दहा हजार तासांचा नियम ऐकला. या नियमाचं मूळ असं: अँडर्स एरिक्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला आणि तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. सर्वोत्तम गटातल्या मुलांचा विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्याने केलेला सराव सरासरीने दहा हजार तासांच्या घरात गेला होता. माल्कम ग्लॅडवेल यांच्या ‘आउटलायर्स’ या २००८ सालच्या पुस्तकाने ही सरासरी नियम म्हणून जगभर नेली. आकडा जादूचा नाही, सराव कसला करता ते बघा, चुका हुडकून त्यावरच घाव घालणारा सराव हवा, असं एरिक्सन नंतर सांगत राहिले. पण आकडा एकदा सुटला की मागे फिरत नाही.

बँकेत हयात काढलेल्या माणसाने कागद घेतला. रोजचा रियाज वीस मिनिटं. दहा हजार तास म्हणजे तीस हजार दिवस. तीस हजार दिवस म्हणजे ८२ वर्षं. वय ६०. म्हणजे प्रावीण्य वयाच्या १४२व्या वर्षी, तेही मधे एकही सुट्टी न घेता. गणपती, दिवाळी, लग्नसराई आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया धरली तर दीडशे.

“बाई, रियाजावर चक्रवाढ व्याज नसतं का हो?”

“असतं ना. पण मुद्दल भरायला लागतं. या आठवड्यात किती दिवस बसलात?”

गृहस्थ नोंदवहीकडे बघू लागले.

पण माणूस अभ्यासू. त्यांनी मूळ शोधनिबंधाची माहिती आणखी खणली तेव्हा त्यांना हवं ते सापडलं. त्या सर्वोत्तम व्हायोलिनवादकांची झोप इतरांपेक्षा जास्त होती आणि ते दुपारची डुलकीही जास्त काढत. कारण सरळ होतं: एकाग्र सरावाने ती मुलं थकत. गृहस्थांनी निष्कर्ष तेवढा उचलला. आता दुपारी दोन ते चार त्यांच्या दारावर ‘साधना चालू आहे’ अशी पाटी असते आणि सबंध मजल्यावर शांतता नांदते. घोरणं खर्जात आहे आणि ते चांगलं लागतं, असं काकूंचंही मत आहे.

त्यांना आणखी एक कागद मिळाला. २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र तपासून काही संशोधकांनी दाखवलं की संगीतातल्या कौशल्याच्या फरकापैकी साधारण २१ टक्के फरक सरावाच्या तासांशी जोडता येतो. “म्हणजे उरलेले ७९ टक्के देवाची देणगी!” गृहस्थ कट्ट्यावर आनंदाने म्हणाले. उरलेल्यात कोवळ्या वयात सुरुवात, चांगला गुरू, स्वभाव, मोजमापातल्या चुका असं बरंच काही येतं, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. कट्ट्यावरच्या प्रत्येकाला ते ७९ टक्के हवेच होते. एकाला पोहणं टाळायचं होतं, दुसऱ्याला इंग्रजी.

गिरगावात जरा उलटी तऱ्हा. पाडव्याच्या शोभायात्रेसाठी ढोल-ताशा पथकं आधीपासून सराव धरतात. दिवसभर संगणकासमोर बसलेली मुलं-मुली संध्याकाळी कंबरेला ढोल बांधतात. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थापी. सुरुवातीला बोटं सोलवटतात, त्यांवर चिकटपट्ट्या चढतात, आणि मग कंबर बोलू लागते. नव्यांना कळतं की ढोल वाजवणं सोपं आहे, चाळीस ढोल एका वेळी वाजवणं अवघड. एक टिपरू मागे पडलं तरी ताशेवाला मान वळवून बघतो, आणि त्या बघण्यापेक्षा ओरडा परवडला. सराव चालू असतो त्या दिवसांत समोरच्या इमारतीतून पोलिसांना फोन जातात. पाडव्याच्या सकाळी तीच खिडकी उघडते, फोन करणारा तोच हात मोबाइल बाहेर काढतो आणि व्हिडिओखाली लिहितो, ‘आमच्या गिरगावचा अभिमान!’ ज्या ठेक्याचा अभिमान वाटतोय तो त्याने पंचवीस रात्री शिव्या देत ऐकलेला असतो. त्याला बहुधा पाठही झालेला असतो.

नाटकवाल्यांचं पाठांतर एवढं सोपं नव्हतं. परळच्या १९२२ सालच्या दामोदर नाट्यगृहात गिरणी कामगारांनी नाटकं केली ती पाळी सुटल्यावर तालमी करून. साच्यांच्या खडखडाटात दिवस काढलेल्या माणसाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचाच, तो वेगळा कमवावा लागत नसे. पाठांतर मात्र लागे. दादरच्या छबिलदास शाळेत १९७४ पासून ‘आविष्कार’ने प्रायोगिक रंगभूमीला जागा करून दिली, तिथेही माणसं तालमीच करत होती. आजच्या एकांकिका स्पर्धांतही करतात. फक्त पहिल्या तालमीत संस्थेचं नाव ठरतं, दुसरीत टी-शर्टचा रंग, तिसरीत कोण कोणाशी बोलत नाही ते. संहिता चौथीत येते.

१८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. कला महाविद्यालयाची गोष्ट तर थोडक्यातच बरी. तिथे विद्यार्थी ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून महिनोन्‌महिने रेखाटत. त्याच संस्थेत विद्यार्थी म्हणून आलेले आणि तिथेच शिक्षक म्हणून मुरलेले म. वि. धुरंधर यांनी आत्मकथनाला नाव दिलं ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. आठवड्याच्या सुट्टीतल्या चित्रकला शिबिरांच्या जाहिरातींत हल्ली ‘दोन दिवसांत व्यक्तिचित्रण’ असतं. चहा-नाश्त्यासह.

आणि मग लालबाग. गणेश गल्लीचं मंडळ १९२८चं, लालबागच्या राजाचं १९३४चं. गणेश गल्लीत १९७७ साली दीनानाथ वेलिंगांनी २२ फुटांची मूर्ती केली आणि मग उंचीची चढाओढ लागली. इथल्या आणि परळच्या कारखान्यांत उन्हाळ्यापासून कापड-पत्र्याचे मांडव चढतात. आत साचे, प्लास्टर, काथ्या, बांबूंच्या परांच्या, आणि रात्रभर जळणारे दिवे. या धंद्यात सगळ्यांत मानाचं काम म्हणजे आखणी, डोळ्यांची. सबंध मूर्ती कोणाच्याही हातची असो, डोळे आखायला मुख्य कारागीरच परांचीवर चढतो. बारीक ब्रश, काळा रंग, आणि खाली, मान वर करून उभे राहिलेले दहा लोक. भुवई जरा चढली की देव रागावतो, पापणी जरा उतरली की झोपतो. तो हात फुटाफुटाच्या घरगुती मूर्तींवर वर्षानुवर्षं फिरलेला असतो. त्यातल्या बहुतेक मूर्ती दीड दिवसात समुद्रात गेलेल्या असतात, त्यामुळे कारागिराला जुन्या चुका बघून वाईट वाटून घ्यायचीही सोय नाही.

अशाच एका कारखान्यात परळचा एक इंजिनिअरिंगचा मुलगा आला. त्याने आखणीची रील पाहिली होती.

“मास्तर, मला डोळे काढायला शिकायचंय.”

“ये की. हा पॉलिश पेपर घे. तो हात घास.”

“कोणाचा?”

“बाप्पाचा. तुझा नंतर घासला जाईलच.”

मुलगा घासू लागला. पहिल्या दिवशी मनगट, दुसऱ्या दिवशी दंड, तिसऱ्या दिवशी शिंका. केसांत पांढरी पूड बसून तो घरी गेला तेव्हा आजीने त्याला त्याचे वडील समजून हाक मारली. आठवड्याने त्याने भीत भीत विचारलं, “मास्तर, ब्रश कधी?” मास्तर म्हणाले, “सोंडेचा उतार बोटाला कळला की.” मुलाने रात्री ‘सोंडेचा उतार’ शोधलं. इंटरनेटवर काही मिळालं नाही.

त्या संध्याकाळी मंडळाची माणसं मूर्ती बघायला आली. पुढे अध्यक्ष, मागे खजिनदार, त्यामागे सगळ्यांचे मोबाइल.

“मास्तर, यंदा नजर अशी पाहिजे की माणूस कुठेही उभा राहिला तरी बाप्पा त्याच्याकडेच बघतायत.”

“गल्लीच्या दोन्ही टोकांना?”

“दोन्ही.”

“आणि वर्गणी न दिलेल्यांकडे?”

“त्यांच्याकडे जरा जास्त.”

मास्तर परांचीवर चढले. डाव्या डोळ्याची वरची रेघ त्यांनी एका श्वासात ओढली, थांबले, उजव्याकडे सरकले. खाली कोणी बोललं नाही. रेघ पुरी होऊन ते उतरले तेव्हा अध्यक्ष गहिवरले होते. “काय हात आहे! ही शिकून येणारी गोष्टच नाही. देवाची देणगी!”

मास्तर रॉकेलच्या डब्यात ब्रश धूत म्हणाले, “देणगीचं पावतीपुस्तक तुमच्याकडे असतं, साहेब. आमच्याकडे बिल असतं. दुसरा हप्ता बाकी आहे.”

खजिनदारांना तेवढ्यात फोन आला आणि ते बाहेर गेले. मास्तरांनी मूर्तीच्या कोपरावरून अंगठा फिरवला आणि मुलाला हाक मारली.

“इकडे ये रे. हे अजून खडबडीत आहे.”